सहा महिन्यांचे पाहुणे

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्या मंडळींना दोन ठिकाणी हजेरी लावावी लागते. २ तारखेला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, ती मेणबत्त्या आणि झेंडूची फुले घेऊन दफनभूमीत येतात. आणि त्याच महिन्यात केव्हातरी पासबुक व आधारकार्ड घेऊन बँकेच्या रांगेत उभी राहतात. पहिल्या ठिकाणी गेलेल्यांची आठवण करायची, दुसऱ्या ठिकाणी आपण अजून गेलेलो नाही हे सिद्ध करायचे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा हा सरकारी नियम. आणि नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थना करण्याचा महिना ही ख्रिस्तसभेची परंपरा. दोघांनी एकच महिना निवडावा हा निव्वळ योगायोग, हे आम्ही जाणतो. तरीही गेली काही वर्षे या योगायोगापाशी आमचे मन रेंगाळत आले आहे, आणि गेल्या वर्षी तर ते तिथून हललेच नाही. त्याचे कारण सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या शहराचे रूप पालटले. वैजापूर, गंगापूर तालुक्यांतील आमची ख्रिस्ती माणसे कामगार, शिक्षक, परिचारिका म्हणून शहरात येऊन स्थिरावली. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले. मुले आधी पुण्याला गेली, मग समुद्रापलीकडे. आता ते आईवडील निवृत्त झाले आहेत आणि वर्षातले सहा महिने मुलांकडे जाऊ लागले आहेत. आमच्याकडे त्याला गमतीने ‘सहामाहीवर जाणे’ म्हणतात. पुनरुत्थानाचा सण आटोपला, मराठवाड्याचे ऊन तापू लागले की ती निघतात. तिकडची थंडी सुरू होण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, परततात. मे ते ऑक्टोबर मंदिरातील पुढची दोन बाके ओस पडलेली दिसतात.

सहा महिन्यांचे स्थलांतर मराठवाड्याला नवे नाही. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखरपट्ट्यात ऊसतोडीला निघतात आणि मागे घरात म्हातारी माणसे व शाळेत जाणारी नातवंडे उरतात. खेडेगावच्या धर्मग्रामात असताना आम्ही नाताळचा मिस्सा कितीदा तरी केवळ आजीआजोबा आणि मुले यांच्यासमोर अर्पण केला आहे. तिथे तरुण जातात, म्हातारे घर राखतात. शहरात आता म्हातारे जातात, आणि घर राखायला कुलूप असते. कुठलाही हंगाम असो, नातवंडांसाठी झिजायचे ते आजीआजोबांनीच.

या जाण्यायेण्याचे नियम आम्हांस ठाऊक असण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. परंतु धर्मगुरूच्या टेबलावर अखेर सगळेच कागद येतात. पुष्कळांना वाटते की दहा वर्षांचा व्हिसा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते. तसे नाही. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आपल्या लोकांना बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण तो दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचे ते दारातला अधिकारी ठरवतो. सामान्यतः सहा महिने. पूर्वी त्या तारखेची चिठ्ठी पासपोर्टात टाचून मिळत असे. २०१३ सालापासून विमानतळांवर ती कागदी चिठ्ठी बंद झाली आणि नोंद संगणकावर गेली. तेव्हा आपली तारीख मुलाकडून उघडून, लिहून, डोळ्यांसमोर ठेवावी लागते. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याआधी अर्ज करावा लागतो. मुदत उलटून एकशेऐंशी दिवसांहून अधिक राहून मग बाहेर पडणाऱ्यास तीन वर्षे आणि वर्षभर वा त्याहून अधिक राहणाऱ्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही, असा त्या देशाचा १९९६ सालचा कायदा आहे. आणि ‘सहा महिने तिथे, सहा महिने इथे’ असा हक्क मात्र कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. दर खेपेस नवा अधिकारी, नवा प्रश्न.

इंग्लंडचा व्हिसा कितीही वर्षांचा असला तरी एका भेटीत सहा महिनेच. जर्मनी, फ्रान्स, इटली आदी शेंगेन देशांत कोणत्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस. कॅनडाने आईवडिलांसाठी २०११ साली ‘सुपर व्हिसा’ काढला. २०२२पासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते, मात्र किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा आणि मुलाच्या ठरावीक उत्पन्नाचा पुरावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१९पासून आईवडिलांना तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा दिला आहे. प्रत्येक देशाने म्हाताऱ्या माणसाच्या मायेला आपापल्या मापाने मोजले आहे. त्यात आम्ही दोष पाहत नाही. घर ज्याचे, उंबरा त्याचा.

कॅनडाच्या कागदांत आईवडिलांचे नाते सिद्ध करायला जन्मदाखला किंवा स्नानसंस्काराचा दाखला चालतो. त्यामुळे कपाटातल्या आमच्या जुन्या नोंदवह्यांना अचानक भाव आला आहे. जुन्या धर्मगुरूंनी लॅटिनमध्ये, बारीक अक्षरात केलेल्या त्या नोंदी वाचताना मोठी गंमत होते. खेड्यात जन्मलेल्या त्या पिढीच्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी सोयीने लिहून टाकलेली. नोंदवही मात्र सांगते की बाळ ऑक्टोबरात जन्मले आणि आठव्या दिवशी त्याला स्नानसंस्कार मिळाला. नोंदवहीत तो योहान, शाळेत जनार्दन. शिवाय शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या पासपोर्टावर औरंगाबाद, नव्या आधारकार्डावर नवे नाव. हे सारे एकाच माणसाचे कागद आहेत, असे पत्र आम्ही लेटरहेडवर लिहून देतो. तेवढ्या शिक्क्याने एखाद्या आजीचा चेहरा उजळतो, तेव्हा आपली सही फुकट गेली नाही असे वाटते.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आमच्या धर्मग्रामात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. बावीस वर्षे त्यांनी आमच्या मंदिरात वाचने केली आणि भजनी मंडळाची पेटी सांभाळली. त्यांचा एकुलता मुलगा अमेरिकेत. सुनेला दिवस गेले तेव्हा गुरुजी आणि काकू प्रथम निघाले. व्हिसाचे कागद भरून देणाऱ्या एजंटाने काकूंना बजावले, “मुलाखतीत बाळाचे नाव काढू नका. फिरायला चाललो म्हणा.” पर्यटकाला तिथे नोकरी करता येत नाही, आणि बाळ सांभाळायला जातो म्हटले तर पगारी आयेची जागा घेणार असा अर्थ निघू शकतो, हे त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

काकू आमच्याकडे आल्या. “फादर, फिरायला जाते म्हटलं तर खोटं होईल का?”

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेले. मनात काही राखून अर्धे सत्य बोलण्याविषयी जुन्या पंडितांनी घातलेला सगळा घोळ आम्हांस पाठ. तो सोपा करून आम्ही काकूंना सांगितला: विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, फिरणे तर होईलच, तेव्हा ते पूर्ण असत्य ठरत नाही. काकूंनी मान हलवली. पटल्याची ती खूण नव्हती, हे आम्हांस नंतर उमगले. मुंबईला खिडकीपाशी त्यांना विचारले, कशाला चाललात? आणि काकूंनी दुभाष्याला मराठीत सांगितले, “नातू होणार आहे. त्याला बघायला चालले. मांडीवर घेईन, आणि थंडीच्या आधी परत येईन. इथं माझं घर आहे.” व्हिसा मिळाला. परत आल्यावर त्यांनी आम्हांला हे सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात विजय नव्हता. आम्हांला वाईट वाटू नये याची काळजी होती. पंडितांच्या ग्रंथांना जे जमले नाही ते त्या सातवी शिकलेल्या माउलीने चार वाक्यांत केले होते. तिचा व्हिसा खरे बोलण्यामुळे मिळाला असे आम्ही म्हणत नाही. खरे बोलणाऱ्यांचेही अर्ज नामंजूर होतात. परंतु खिडकीतून परतताना तिच्या मनावर ओझे नव्हते, आणि ते ओझे आम्ही देऊ केले होते.

ते दोघे सहा महिने राहिले. मुलगा, सून कामावर, बाळ झोपलेले, खिडकीबाहेर स्वच्छ, निर्मनुष्य रस्ता. गाडी चालवता येत नाही, मंदिर बरेच मैल दूर. ज्या रविवारी मुलाला सवड नसे त्या रविवारी गुरुजी घरीच मराठी उपासनाग्रंथ उघडत आणि दोन्ही वाचने मोठ्याने म्हणत, काकू ऐकत. हे सांगताना त्यांनी मुलाविषयी एकही कडू शब्द काढला नाही. आम्हीच येथे परदेशस्थ मुलामुलींना एक सांगू इच्छितो: आईवडिलांना बोलवा, अवश्य बोलवा, परंतु बाळ शाळेत जाऊ लागल्यावरही बोलवा. त्यांच्या येण्याला काम असलेच पाहिजे असे नाही.

त्या सहा महिन्यांत आमच्याकडून एक गोष्ट घडली. धर्मग्रामाच्या कुटुंबांची यादी नव्याने लिहायची होती. गुरुजींच्या घराला कुलूप. स्वयंसेवकाने नावापुढे ‘परदेशी’ असे लिहिले आणि आम्ही न पाहता सही केली. वाचकांच्या यादीतून त्यांचे नाव गळले, पेटीवर एक तरुण बसू लागला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गुरुजी इस्त्री केलेला सदरा घालून नेहमीसारखे वाचनासाठी पुढे आले. दुसरा माणूस आधीच उभा होता. ते शांतपणे मागे जाऊन बसले. मिस्सा झाल्यावर आमच्यापाशी येऊन ते एवढेच म्हणाले, “फादर, तिथं आम्ही पाहुणे, ते ठीकच आहे. पण इथंही पाहुणेच का?”

त्या रात्री आम्ही ख्रिस्तसभेच्या कायद्याचे पुस्तक उघडले. सेमिनरी सोडल्यापासून विवाहाच्या प्रकरणापलीकडे ते फारसे उघडले नव्हते. १९८३ सालच्या त्या संहितेतील १०२वे कलम सांगते की एखाद्या ठिकाणी कायमचे राहण्याच्या उद्देशाने आलेल्यास, किंवा प्रत्यक्ष पाच वर्षे राहिलेल्यास, तिथला निवास प्राप्त होतो. आणि जो तीन महिने राहण्याच्या उद्देशाने येतो, किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहतो, त्याला तिथला उपनिवास प्राप्त होतो. १९१७ सालच्या जुन्या संहितेत हीच मुदत दहा वर्षे आणि वर्षाचा अधिक भाग अशी होती. ख्रिस्तसभेने ती कमी केली. पुढे १०७वे कलम म्हणते की निवास असो वा उपनिवास, दोन्हींमुळे माणसाला आपला स्वतःचा धर्मगुरू मिळतो. आणि १००व्या कलमात चार लॅटिन शब्द आहेत: इन्कोला म्हणजे निवासी, आद्वेना म्हणजे उपनिवासी, पेरेग्रिनुस म्हणजे घर कायम ठेवून प्रवासात असलेला, आणि वागुस म्हणजे ज्याला कुठेच घर नाही असा.

देशांचे कायदे विचारतात, तू परत केव्हा जाशील? ख्रिस्तसभेचा कायदा विचारतो, तुझी काळजी कोणी घ्यायची? त्या कायद्याप्रमाणे सहामाहीवर गेलेल्या गुरुजींना एक सोडून दोन धर्मगुरू होते. तिथल्याला ते आहेत हे ठाऊकच नव्हते, कारण आम्ही त्याला चार ओळींचे पत्र लिहिले नव्हते. इथल्याने त्यांचे नाव खोडले होते. दोन धर्मगुरूंचा धनी असलेला माणूस आमच्या निष्काळजीपणाने वागुस झाला होता. पुढच्या रविवारी आम्ही वेदीवरून क्षमा मागितली आणि वाचन गुरुजींना दिले. त्यांचा आवाज पहिल्या ओळीत किंचित कापला, मग स्थिर झाला.

म्हातारपणी मुलाच्या देशी जाणाऱ्यांमध्ये पहिला मोठा प्रवासी म्हणजे आपला पितर याकोब. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायांत त्याची ती यात्रा आहे. योसेफ जिवंत आहे आणि मिसर देशात मोठ्या हुद्द्यावर आहे हे कळल्यावर म्हातारा निघाला. पण बैर-शेबा येथे थांबला, अर्पण केले, आणि रात्री देवाने त्याला भिऊ नकोस म्हणून धीर दिला. म्हणजे तो भ्याला होता. पुढे फारोसमोर उभे केल्यावर राजाने त्याला पहिला प्रश्न वयाचा विचारला. त्याने एकशेतीस सांगितले. तो तिथे सतरा वर्षे राहिला, नातवंडांना आशीर्वाद दिले, आणि मरतेवेळी योसेफाकडून शपथ घेतली की मला इथे पुरू नकोस, वाडवडिलांच्या शेजारी ने. इतक्या वर्षांच्या सुखवस्तू मुक्कामानंतरही त्याच्या मनातला निवास बदलला नव्हता. आणि योसेफाला, तो मिसरचा कारभारी असूनही, बापाला पुरायला जाण्यासाठी फारोची परवानगी मागावी लागली. परत येईन असे वचन द्यावे लागले.

हे आम्ही प्रवचनात अनेकदा सांगितले होते. गेल्या वर्षी ते आमच्या दाराशी आले.

गुरुजी आणि काकू पुन्हा गेले होते. पाचव्या महिन्यात काकूंच्या हृदयाने दगा दिला. आमच्या इथे पहाट होती. फोनवर गुरुजी बराच वेळ काही बोललेच नाहीत. या खेपेस आम्ही तिथल्या धर्मगुरूला पत्र लिहिले होते, ते कामी आले. तो मध्यरात्री रुग्णालयात गेला, रुग्णाभ्यंग दिले, आणि एक अक्षर समजत नसताना गुरुजींच्या मराठी प्रार्थनेत शेवटपर्यंत उभा राहिला. विमा होता, पण त्यात जुन्या आजाराचे कलम होते. तो हिशेब मुलगा अजून फेडतो आहे. देह इकडे आणायचा तर मृत्यूचा दाखला, देह टिकवण्याच्या प्रक्रियेचा दाखला, आपल्या वकिलातीचे ना-हरकत पत्र, विमान कंपनीची व्यवस्था; आणि पैसे. मुलाची तयारी होती. गुरुजींनीच त्याला थांबवले. “योसेफ कारभारी होता,” ते नंतर आम्हांला म्हणाले, “माझा पोरगा नोकरदार आहे.” काकूंना तिथेच मूठमाती मिळाली.

गुरुजींची मुदत संपायला सतरा दिवस उरले होते. वाढ मागू या, असे मुलगा विनवत होता. गुरुजी तारखेच्या आधी परतले. चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही उभे होतो. दोन माणसांच्या तिकिटावर एकटा माणूस बाहेर आला, हातात दोघांच्या पासपोर्टांची एकच पिशवी.

तेव्हापासून आमच्या धर्मग्रामात काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. सहामाहीवर निघणाऱ्यांना आम्ही आधीच्या रविवारी पुढे बोलावून आशीर्वाद देतो. तिथल्या धर्मगुरूला पत्र जाते. घरच्यांनी एका कागदावर आजार, औषधे, विम्याचा तपशील आणि, संकोच न करता, देहाविषयीची इच्छा लिहून ठेवावी असे सांगतो. आणि कुटुंबांच्या यादीत ‘परदेशी’ हा शब्द आम्ही काढून टाकला आहे. त्याजागी ‘प्रवासात’ असे लिहितो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा दिन सुरू केला. त्या दिवशी आमचे निम्मे आजीआजोबा इथे नसतात. त्यांची नावे वाचली जातात, आणि बाके रिकामी असली तरी कोणी त्यांवर बसत नाही.

नोव्हेंबर आला. हयातीचा दाखला आता बँकेत न जाताही देता येतो, हे आम्ही गुरुजींना सांगितले. २०१४पासून तो संगणकावर निघतो आणि २०२१पासून मोबाइलपुढे नुसता चेहरा धरला तरी चालते. मुलाने तिकडून तेच शिकवले होते. गुरुजी म्हणाले, “नको. रांगेत चार ओळखीची माणसं भेटतात.” ते रांगेत उभे राहिले, अंगठा दिला. खडूने झिजलेला अंगठा यंत्राला तिसऱ्या खेपेस उमटला.

त्याआधी, २ तारखेला, दफनभूमीत प्रार्थना होती. ज्याची त्याची कबर, ज्याची त्याची मेणबत्ती. गुरुजींच्या आईवडिलांच्या कबरी गावाकडे, काकूंची सात समुद्रांपलीकडे. ते हातात मेणबत्ती घेऊन काही वेळ वाटेवरच उभे राहिले. आमच्या दफनभूमीच्या मधोमध मोठा क्रूस आहे. ज्यांची माणसे दुसरीकडे पुरलेली आहेत ती त्याच्या पायथ्याशी दिवे लावतात. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या माणसांचे दिवे तिथे लागतात, मुंबईला वारलेल्यांचे लागतात. आम्ही काही बोललो नाही, फक्त त्यांच्याबरोबर तिथवर चालत गेलो. त्यांनी मेणबत्ती लावली, वाऱ्याला आडवा हात धरला, आणि ती नीट पेटल्यावर मागे सरून दुसऱ्याला जागा करून दिली.